होड्या बांधून ठेवा

शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने माझं आठवडाभराचं काम अंगठ्याने झटकून टाकलं आणि तिला ते कळलंसुद्धा नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात मी माझा नंबर यायची वाट बघत होतो. सिस्टरनी नुकतेच डोळ्यांत थेंब घातले होते आणि बाहुल्या मोठ्या व्हायला वेळ लागतो, बसा, असं सांगून त्या निघून गेल्या होत्या. बाईच्या अंगात हिरवा स्वेटर होता, मांडीवर फाइल, फाइलवर पर्स, पर्सवर टेकवलेला फोन आणि फोनवर आमचा खेळ. आमचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा. ती तो बनवते, मी त्यातलं लिहिणं बघतो. आमचा खेळ लोक खेळतात हे मला आकड्यांत माहीत होतं, पण हाडामांसाचं माणूस तो खेळताना मी कधी पाहिलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, आधी छाती फुगली. वाटलं, शेजारच्याला कोपराने ढोसून सांगावं. मग तिच्या पडद्यावर धक्क्यावरच्या म्हाताऱ्याचं चित्र उगवलं, त्याच्या खाली खेळ उघडला की दर वेळी येणारा त्याचा निरोप, म्हणजे माझा, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत माझा, आणि कोपऱ्यात फुली. बाईचा अंगठा त्या फुलीवर आधीच जाऊन बसला होता. निरोप धड उघडायच्या आत मिटला. माशी हाकलताना माणूस माशीकडे बघतो तरी.

आणि त्या निरोपात तिची होडी जाणार असल्याचं लिहिलेलं होतं. आमच्या खेळात फारसं काही घडत नाही. एक तळं आहे, सगळ्या खेळणाऱ्यांचं मिळून एकच. काठावर लाकूड मिळतं, त्याच्या फळ्या पाडायच्या, फळीला फळी जोडून होडी करायची, रंगवायची, शीड शिवायचं आणि मग तळ्यात नुसतं तरंगायचं. एक होडी उभी करण्यात लोकांचे महिनेच्या महिने जातात आणि तेच त्यांना आवडतं. धक्क्याला बांधलेली होडी ज्याच्या त्याच्या फोनमध्ये जपली जाते. पाण्यात सोडलेली मात्र तळ्याबरोबर कुठल्याशा कंपनीच्या यंत्रावर असते, आणि तिला तिथून धक्क्याला आणणं फक्त तिच्या मालकालाच जमतं. ते यंत्र ती कंपनी आज चार वाजता बंद करणार होती, आम्हाला न विचारता. धाकटीने विनवण्या केल्या, भांडून पाहिलं, शेवटी हात टेकले आणि दुसरीकडे नवं तळं उभं केलं. चारला जुनं पाणी जाणार, नवं येणार. धक्क्यावरच्या होड्या नव्या पाण्यात उतरतील, मधोमध असलेल्या जुन्या पाण्याबरोबर पुसल्या जातील, आणि मग त्या परत आणणं धाकटीच्या काय, कुणाच्याच हातात नसेल. एवढंच सांगायचं होतं. होड्या बांधून ठेवा. एवढ्यासाठी मी आठवडा घेतला, कारण मला ते चांगलं सांगायचं होतं.

चांगलं सांगायची ही हौस मला उशिरा लागली. त्याआधीची सगळी वर्षं मी घरगुती यंत्रांची माहितीपत्रकं लिहीत होतो. मिक्सर, हीटर, कपडे धुण्याची मशिनं. ‘वापरण्यापूर्वी वाचा’ हे वाक्य मी जितक्यांदा लिहिलं तितक्यांदा लोक आयुष्यात स्वतःची सही करत नसतील. कुणी वाचलं नाही. आमच्या सासऱ्यांकडे नवीन मशीन आली तेव्हा तिच्यासोबतचं पत्रक योगायोगाने मीच लिहिलेलं होतं. सासरे मशीन भिंतीला लावून बघत होते, ती डुगडुगत होती, त्यांनी पत्रकाची नीट घडी घातली आणि मशीनच्या पायाखाली सरकवली. “आता कशी स्थिर झाली बघा जावईबापू,” असं वर मलाच म्हणाले. मी मान डोलावली. नोकरी सुटली तेव्हा धाकटी म्हणाली, “दादा, तू माझ्याकडे ये. आमची अपडेटं कुणी वाचत नाही. मी लिहिते ते मलाच वाचवत नाही.” मी आलो आणि सवयीने लिहिलं : क्रमांक एक, शिडाच्या रंगातील दोष दूर केला आहे. धाकटीने कपाळावर हात मारला. “अरे, माणूस बोलतोय असं लिही ना. तो धक्क्यावर बसलेला म्हातारा आहे, तो नुसताच बसून असतो, त्याच्या तोंडी घाल.” मी म्हाताऱ्याच्या तोंडी घातलं. शिडांचे रंग उन्हाने विटत होते पोरांनो, मी काल बसून सगळी पुन्हा रंगवली, पाठ मोडून आली. दुसऱ्या दिवशी खेळाडूंच्या कट्ट्यावर, म्हणजे जिथे ते एकमेकांशी लिहून बोलतात तिथे, कुणीतरी विचारलं होतं : आजोबांच्या पाठीला काय लावलं? एकाने लिहिलं, आम्ही घरात हे मोठ्याने वाचतो. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला आपल्याला कुणीतरी वाचतंय हे कळलं की त्याचं काय होतं, ते मी फार सांगत बसत नाही. मी हवेत होतो.

तेव्हा ही सूचनाही म्हाताऱ्यानेच द्यायची हे उघड होतं. माझ्या म्हाताऱ्याचा गुडघा दुखायला लागला. गुडघा असा दुखला की पाणी उलटतं, असं त्याने सांगितलं. लहानपणी पाहिलेल्या एका वादळाची आठवण काढली, त्यात त्याच्या थोरल्या भावाचं शीड कसं गेलं ते सांगितलं, आणि मग, चौथ्या परिच्छेदात, आवाज खाली आणून म्हणाला : चार वाजता जुनं पाणी जाईल, होड्या बांधून ठेवा पोरांनो, जो मध्ये राहील तो राहिला. ते वाक्य लिहून मी उठून येरझाऱ्या घातल्या होत्या, इतकं ते मला आवडलं होतं. धाकटीने वाचलं आणि ती म्हणाली, “भारी झालंय. पण खाली एक साधी ओळ टाकू या का? होडी कायमची जाईल वगैरे?” मी म्हणालो, त्याने सगळी मजा जाते. ती दमली होती, नव्या तळ्याच्या कामात तिची झोप उडाली होती, तिने वाद घातला नाही. ती एरवी घालते.

बाईच्या फोनकडे मी तिरक्या नजरेने बघत राहिलो. जवळचं दिसणं हळूहळू विरघळायला लागलं होतं, तरी एवढं दिसलं की तिच्या होडीभोवती पाणी नव्हतं. होड्याच होड्या होत्या. आमच्या तळ्यावर एका वेळी इतक्या होड्या कधी नसतात, आणि अशा अगदी मधोमध तर नाहीच नाही. मी घसा साफ केला आणि जन्मात कधी कुणा अनोळखी बाईशी बोलत नाही तसा बोललो, “गर्दी दिसते आज.”

“हो ना!” ती एकदम मोकळेपणाने म्हणाली, जणू कुणीतरी विचारायचीच वाट बघत होती. “वादळ येणार आहे चार वाजता. सगळे बघायला जमलेत. मी सकाळपासून जागा धरून बसलेय.”

“कुणी सांगितलं वादळ येणार?”

“तो म्हातारा असतो ना, तो म्हणाला म्हणे. मी नाही वाचत ते, लांबलचक असतं. पण कट्ट्यावर सगळे तेच बोलतायत. तो म्हणालाय, जो मध्ये राहील तो राहिला. म्हणजे मध्ये राहणाऱ्यालाच बघायला मिळणार.”

मी उठलो. खुर्चीचा पाय फरशीवर कर्कश घासला आणि समोरच्या रांगेतल्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पाण्याच्या टाकीपाशी जाऊन भिंतीकडे तोंड केलं आणि धाकटीला फोन लावला. आकडे दिसत नव्हते, पण तिचं नाव सगळ्यात वर असतं. ती “बोल” म्हणायच्या आत मी सुरू झालो. तिने शांतपणे ऐकलं. मागे तिच्या कीबोर्डची टकटक चालू होती, ती थांबली.

“मी पण बघतेय ते,” ती म्हणाली. “मला वाटलं, थोडा वेळ तरंगतील आणि जातील बांधायला.”

“जाणार नाहीत. ते वादळ बघायला बसलेत.”

“कुठलं वादळ? आपल्याकडे वादळ नाहीये दादा. वादळ बनवायला मला सहा महिने लागतील.”

“मला माहितेय गं!”

“मग लिहायचं कशाला?” ती ओरडली, आणि मग लगेच आवाज उतरवून म्हणाली, “बरं. आता ते जाऊ दे. पावणेचार होत आलेत. कट्ट्यावर लगेच काहीतरी टाकायला हवं, आणि खेळातही निरोप म्हणून जाईल तेच. सांग, मी टाइप करते.”

“लिही. होड्या लगेच धक्क्याला बांधा.”

“हं.”

“चार वाजता तळं बंद होणार आहे. पाण्यात असलेल्या होड्या कायमच्या पुसल्या जातील. परत मिळणार नाहीत. वादळ येणार नाही. ही गोष्ट नाही.”

“म्हाताऱ्याच्या नावाने टाकू?”

“नको. माझ्या.”

“तुझ्या कुठल्या? तुझं नाव तिथे कुणाला माहितेय?” ती असं लागट काही म्हणून जाते आणि तिला पत्ता नसतो. “सगळे निरोप म्हाताऱ्याच्याच खात्यावरून जातात दादा. दुसरं खातं काढायला वेळ नाही. टाकते मी.”

मी फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो. डोळ्यांसमोरची भिंत पांढरी होती आणि आता तिच्या कडाही पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या. मला आई आठवली, आणि राग आला, आईचा नव्हे, तिच्या बोलण्याच्या पद्धतीचा, जिच्यापासून मी आयुष्यभर लांब पळालो. आई सगळं एका पट्टीत बोलायची. दूध तापलंय, गॅस बंद कर, शर्ट दोरीवर आहे, मी उद्यापासून चार दिवस मावशीकडे जातेय, चप्पल बाहेर काढ. आम्ही सगळे “हं” म्हणायचो. वडील पेपरच्या आडून म्हणायचे, मी वहीतून मान वर न करता म्हणायचो. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर दाराला कुलूप, आणि किल्ली कुठे ठेवलीय तेही कुणी ऐकलेलं नाही. धाकटी दप्तर मांडीवर घेऊन पायरीवर बसलेली, तिच्या शेजारी मी बसलो, दिवेलागणीला वडील आले, तेही बसले. “मला काही बोलली नाही ती,” वडील म्हणाले. मला मात्र तिचा आवाज आठवत होता, मावशीकडे हा शब्दसुद्धा आठवत होता, दोरीवरचा शर्ट आणि चप्पल यांच्या मध्ये तो नीट ठेवलेला होता. म्हणजे कानात शिरलं होतं आणि तिथेच पडून राहिलं होतं. त्या पायरीवर बसून मी ठरवलं की लोकांना काही सांगायचं तर ते त्यांना ऐकावंसं वाटेल असंच सांगायचं. म्हणूनच लिहिणारा झालो असेन. आणि आता माझ्या बोलण्याचं त्यांना इतकं काही वाटत होतं की सगळे मिळून तळ्याच्या मधोमध जाऊन बसले होते. बोंबला. आईला निदान पायरीवरची माणसं परत तरी मिळाली होती.

“टाकलं,” धाकटी म्हणाली. “येतायत बघ उत्तरं.”

“काय म्हणतायत?”

“वाचू?”

“वाच ना!”

“‘अंगावर काटा आला.’ ‘म्हातारा घाबरलाय, पहिल्यांदाच.’ ‘ही गोष्ट नाही, असं म्हणतोय, काय लिहितात राव हे लोक.’” तिचा आवाज सपाट होत गेला. “‘मी नाही हलणार.’ याला खाली ढिगाने अंगठे आलेत. एक म्हणतोय, ‘अहो, खरं असलं तर?’ त्याला सगळे हसतायत.”

“तू लिही. तू बनवणारी म्हणून लिही.”

“लिहिलं रे. त्याच्या खाली लिहिलं, मी खेळ बनवणारी बोलतेय. त्यांना वाटतंय ते नवीन पात्र आहे.” आणि मग ती हसायला लागली, म्हणजे हसण्यासारखा आवाज यायला लागला. माझी बहीण रडत असली की तो आवाज तसाच येतो. “दादा, दोन वर्षांच्या होड्या आहेत रे एकेकाच्या.” मी काहीतरी म्हणालो. काय ते मला आठवत नाही, कामाचं नव्हतं हे नक्की.

परत खुर्चीपाशी येईपर्यंत मी ठरवलं होतं की हिला तरी सांगायचं. कट्ट्यावर मी म्हातारा असेन, इथे तर मी समोर उभा आहे, दोन पाय, दोन डोळे, त्यातले दोन्ही निकामी. हिला तरी हाताला धरून सांगता येईल. बाई स्वतःहूनच म्हणाली, “बघितलंत? आता नवीन आलंय. म्हणे ही गोष्ट नाही!” ती खूश होती. छोटा निरोप तिने पूर्ण वाचला होता.

“ते मी लिहिलंय,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या बाहुल्या तेव्हा बशीएवढ्या झाल्या असणार. “तुम्ही?”

“मी. म्हणजे आम्ही. माझ्या बहिणीचा खेळ आहे. अहो, खरंच वादळ नाहीये. तळ्याचं यंत्र बंद होणार आहे, तुमची होडी जाईल, तिला आत्ताच्या आत्ता...”

“अय्या!” बाई म्हणाली. “म्हणजे तुम्हीच म्हातारा?” आणि ती इतक्या आनंदाने म्हणाली की माझं वाक्य तिथल्या तिथे मेलं. ते मेलं तरी मी पुन्हा बोलायला हवं होतं हे मला कळत होतं. पण त्या एका क्षणात मला फार बरं वाटलं, आणि त्याची मला आता लाज वाटते. तेवढ्यात सिस्टर दारात आल्या आणि त्यांनी तिचा नंबर पुकारला. “फोन आत नाही न्यायचा,” त्या म्हणाल्या. बाईने इकडेतिकडे बघितलं आणि फोन सरळ माझ्या हातात दिला. “धरा तुम्ही. तुमचाच तर आहे खेळ. वादळ आलं की नीट बघून ठेवा, मला सांगा कसं होतं ते. पण होडी हलवू नका हं, चांगली जागा मिळालीय.” आणि ती आत गेली.

मी फोन हात लांब करून धरला. तरी सगळं ओल्या कापडातून बघितल्यासारखं. तिची होडी पिवळी होती, बहुधा पिवळी, पुढच्या टोकावर काहीतरी नक्षी होती, फुलं असतील किंवा मासे. सुबक हाताचं काम होतं, ते पुसटसुद्धा कळत होतं. एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली की मी आजवर या तळ्यात उतरलेलो नाही. मी कागदावरून लिहितो, धाकटी काय बदललं ते सांगते. वल्हं कसं मारतात तेही मला ठाऊक नव्हतं. बोट ओढलं तर होडी जागच्या जागी गोल फिरली. भोवतीच्या होड्या सरकून जागा देत होत्या, किती सभ्य लोक. आमच्या खेळात बोलता येत नाही, धाकटीने मुद्दाम तशी सोय ठेवलेली नाही, तिला शांतता हवी होती. फक्त कंदील वर धरता येतो. मी तो कसाबसा शोधला आणि वर धरला, खाली केला, वर धरला, जोरजोरात, वेड्यासारखा. क्षणभर काहीच झालं नाही. मग शेजारच्या होडीतला कंदील वर गेला. मग त्याच्या पलीकडचा. मग सगळे. अख्खं तळं कंदिलांनी भरून गेलं, माझ्या फुटक्या डोळ्यांना ते एकच मोठं पिवळं हलतं डबकं दिसत होतं, आणि प्रत्येक जण मला, म्हणजे कुठल्याशा पिवळ्या होडीला, मनापासून हात केल्यासारखं करत होता. “अरे जा ना!” मी मोठ्याने म्हणालो. समोरच्या रांगेतल्या आजींनी पर्स जवळ ओढली.

मग मी नाद सोडला आणि वल्हवायला लागलो. दोन बोटांनी, आलटून पालटून, घाम फुटेपर्यंत. कंदिलांमधून वाट काढत बाहेर पडलो तेव्हा मागून कुणी आलं नाही. काठ हा एक काळपट पट्टा होता, त्याच्या दिशेने मी जात राहिलो, दोनदा लव्हाळ्यात शिरलो, एकदा उलटाच गेलो. धक्क्यावर एक ठिपका बसलेला होता, तो म्हातारा असणार. त्याच्याकडे बघायचीही मला इच्छा नव्हती. काहीतरी विचारलं गेलं, ते वाचता येईना, मी हो असेल त्या बाजूला बोट दाबलं आणि दोर आवळल्याचा आवाज झाला. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. धाकटीने फार सुंदर केलाय तो.

पडदा काळा झाला. मग नवं तळं आलं. पाणी खरंच छान होतं, उजळ, त्यावर वाऱ्याची बारीक सुरकुती, धाकटीची इतक्या महिन्यांची झोप त्यात गेली होती. धक्क्याला काही होड्या होत्या, मोजक्या, आणि त्यांच्यात ही पिवळी. बाकी पाणी या काठापासून त्या काठापर्यंत मोकळं होतं. माझ्या खिशात माझा फोन थरथरायला लागला. धाकटीचाच असणार. मी तो काढला नाही. दुसऱ्या हातात परक्या बाईची होडी होती.

दार उघडलं आणि बाई बाहेर आली, डोळ्यांवर कापसाचा बोळा दाबत, भिंतीला हात लावत. “आलं?” तिने लांबूनच विचारलं. “कसं होतं?”

“मी तुमची होडी बांधली,” मी म्हणालो.

ती थांबली. “बांधली म्हणजे? धक्क्याला? अहो, मी हलवू नका म्हणाले होते ना?”

“ती गेली असती.”

“सकाळपासून जागा धरली होती मी.” तिच्या आवाजात राग होता त्याहून जास्त हिरमोड होता, आणि तो मला सहन होईना. ती चाचपडत खुर्चीवर बसली. मग म्हणाली, “बाकीचे होते ना तिथे? सगळे?”

“होते,” मी म्हणालो.

“चला, त्यांना तरी बघायला मिळालं,” असं म्हणून तिने अंदाजाने हात पुढे केला आणि माझ्या हातातून फोन काढून घेतला.